सुइणीच्या पोटातले

सुइणीपासून पोट लपवता येत नाही, असे आमच्याकडे जुन्या बायका म्हणत. जिच्या हातात जीव द्यायचा तिच्यापासून काही दडवून ठेवू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण खुद्द त्या सुइणीच्या पोटात काय आहे, हे कोणी कधी विचारले का, असा प्रश्न हल्ली मला पडतो. बाळंतिणीच्या वेदनेवर ओव्या आहेत, कथा आहेत, सिनेमे आहेत. तिच्या उशाशी रात्रभर उभ्या असणाऱ्या बाईवर मात्र फारच थोडे लिहिले गेले आहे. बाळंतपण बिघडले, आई गेली किंवा मूल गेले, की घरच्यांचे सांत्वन करायला सारे गाव येते. सुईण हात धुऊन आपल्या घरी जाते. आता सुइणीच्या जागी नर्स आली आहे. ती हात धुऊन रजिस्टर लिहायला बसते.

या दुःखाला जगात नाव मिळाले तेच मुळी २००० साली. अल्बर्ट वू नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात 'सेकंड व्हिक्टिम' असा शब्द वापरला. उपचारात काही विपरीत घडले की पहिला बळी रुग्ण. दुसरा बळी म्हणजे त्याच्यावर उपचार करणारा माणूस, जो पुढे कित्येक वर्षे ते मनात वागवतो. पुढे डेन्मार्कमध्ये प्रसूतितज्ज्ञ आणि मिडवाइफ यांना याबद्दल विचारण्यात आले. आपल्या कामात मन हादरवणारे बाळंतपण कधीतरी वाट्याला आले, असे सुमारे ८५ टक्के जणांनी सांगितले. थोडीफार अपराधी भावना आता कायमच राहणार, असे म्हणणारे एक तृतीयांशाहून अधिक निघाले. डेन्मार्क हा श्रीमंत देश, तिथे बाळंतपणात आई दगावणे अत्यंत दुर्मीळ. मग आपल्याकडच्या बायकांनी काय काय पोटात घातले असेल!

आमचा अकोले तालुका म्हणजे एका अंगाला प्रवरेकाठची उसाची शेते आणि दुसऱ्या अंगाला कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगडाचे डोंगर. भंडारदऱ्याचे धरण १९२६ सालीच पुरे झाले. पण त्याच्या वरच्या कितीतरी वाड्यांना धड रस्ता मिळायला त्यानंतर अनेक दशके जावी लागली. घाटघर, साम्रदकडे पाऊस सुरू झाला की ओढ्यापलीकडची वाडी पलीकडेच राही. अडलेली बाई झोळीत घालून माणसांनी खांद्यावर आणायची, तीही ओढ्याने वाट दिली तर. तेव्हा महादेव कोळी, ठाकर वस्त्यांमधले बाळंतपण म्हणजे वाडीतली जाणती बाईच करणार. तिच्याजवळ तेल, कढत पाणी, दोरा आणि नाळ कापायला विळा किंवा पाते. वार पडेपर्यंत तिचा जीव टांगणीला.

या सुइणीला निदान एक आधार होता. तिचे सुखदुःख वाडीचेच होते. पाचवीच्या पूजेला ती, बारशाला ती. मूल दगावले तर 'सटवाईने लिहिलेच तेवढे होते' असे म्हणून सगळेच जण थोडे थोडे ओझे वाटून घेत. आज आपण त्याला अंधश्रद्धा म्हणू. ती होतीच. पण त्या एका वाक्याने सुईण पुन्हा माणसांत येत असे, हेही खरे. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लागोपाठ दोन बाळंतपणे बिघडली की 'हिचा हातगुण चांगला नाही' अशी कुजबुज सुरू होई आणि त्या बाईला बोलावणे बंद होई. दोष देणे आणि दोष सटवाईवर ढकलणे यांमध्ये तिसरी वाट नव्हती. काय झाले, का झाले, पुढच्या वेळी काय करायचे आणि तुला आता कसे वाटते आहे, हे तिच्याशी बोलणारे कोणी नव्हते.

त्या काळाचे गोडवे गायचे मला मुळीच कारण नाही. १९४६ साली भोर समितीने दिलेल्या अहवालाप्रमाणे देशात दर हजार बाळंतपणांमागे सुमारे २० माता मरत होत्या. एवढ्या अवाढव्य देशात शिकलेल्या नर्स सुमारे ७,००० आणि मिडवाइफ सुमारे ५,००० होत्या. म्हणजे एखादी सुईण आयुष्यात शेकडो बाळंतपणे करत असेल, तर काही आयांचे आणि त्याहून कितीतरी जास्त बाळांचे मरण तिच्या डोळ्यांदेखत झाले असणार. हे कुठेही लिहिलेले नाही.

हे दुःख अडाण्यांचे आणि शिकलेल्यांना ते होत नाही, असे कोणी समजू नये. जर्मनीत कील या गावी गुस्टाव्ह मिखाएलिस नावाचे नामवंत प्रसूतितज्ज्ञ होते. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी दाखवून दिले, की डॉक्टरांच्या न धुतलेल्या हातांतूनच बाळंतज्वर पसरतो. ही बातमी मिखाएलिस यांच्यापर्यंत पोचली. त्यांना ती लगेच पटली आणि त्यांनी आपल्या रुग्णालयात क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सुरू केले. पण थोड्याच काळापूर्वी त्यांची एक चुलत बहीण बाळंतज्वराने गेली होती आणि तिला त्यांनी स्वतः तपासले होते. आपल्याच हातांनी तिला मरण दिले, ही गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. ऑगस्ट १८४८ मध्ये त्यांनी आगगाडीखाली जीव दिला. नवे ज्ञान इतरांनी नाकारले म्हणून आयुष्यभर तळमळलेले सेमेलवाइस पुस्तकांत भेटतात. ज्यांनी ते ज्ञान तत्काळ स्वीकारले आणि त्याच ज्ञानाने जे मोडून पडले, त्या मिखाएलिस यांची आठवण फार थोडे जण काढतात.

आपल्या महाराष्ट्रात बाळंतपणाला शिकलेला हात मिळावा म्हणून झटलेल्या बायकांची परंपरा मोठी आहे. पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवा तिथे गुपचूप येऊन बाळंत होत आणि सावित्रीबाई त्यांचे करत. यशवंत हा त्यांचा दत्तक मुलगा तिथलाच. तिथे येणाऱ्या बाईला पहिली गरज औषधाची नव्हतीच. आपली हकीगत न लाजता ऐकून घेणारे माणूस तिला हवे होते. पुढे १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुणे सेवासदन सुरू केले आणि ससून रुग्णालयाच्या साहाय्याने बायकांना नर्स व सुईण होण्याचे शिक्षण देण्याची सोय केली. घरात कोपऱ्यात बसवलेल्या कितीतरी विधवा पांढरा पोशाख घालून ताठ मानेने उभ्या राहिल्या. परक्यांचे मलमूत्र काढणे आणि बाळंतपणे करणे हे कुलीन घरात हलके समजले जाई, हे लक्षात घेतले की या धाडसाची किंमत कळते.

या शिक्षणात स्वच्छता होती, शिस्त होती, वरिष्ठांची आज्ञा पाळणे होते. नाइटिंगेलबाईंच्या काळापासून चालत आलेले ते वळण. त्याने लाखो जीव वाचले, यात शंका नाही. पण रुग्णापुढे डोळ्यांत पाणी आणायचे नाही, हे शिकवताना ते पाणी मग कुठे सांडायचे, हे शिकवायचे राहून गेले.

स्वातंत्र्यानंतर १९५१ पासून देशात एएनएमचे शिक्षण सुरू झाले. मुलींना दोन वर्षे शिकवायचे आणि खेड्यात पाठवायचे. सुरुवातीला त्यांचे मुख्य काम बाळंतपण आणि माता-बालकांची काळजी हे होते. पुढे कुटुंबनियोजनाचे दिवस आले. १९७३ साली कर्तारसिंग समितीने एकाच कार्यकर्तीने सर्व कामे करावीत अशी शिफारस केली आणि नर्सबाई 'बहुउद्देशीय' झाली. मलेरिया, लसीकरण, शस्त्रक्रियांचे टार्गेट, त्यातून वेळ उरला तर बाळंतपण. टार्गेटचा जाच काय असतो हे माझ्या पिढीच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको. आणीबाणीच्या काळात आम्हालाही 'केसेस' आणायला सांगितले जाई. पण आम्ही शाळेत निदान चारचौघे होतो, खोलीत बसून एकमेकांशी बोलू तरी शकत होतो. उपकेंद्रातली नर्स एकटी होती. देशावरची वीस-बावीस वर्षांची मुलगी डोंगरातल्या गावी बदलून यायची. रात्री दार वाजले तर उघडावे की नाही इथपासून तिला भीती. अडलेल्या बाईपाशी ती एकटी, बाळंतपण बिघडले तर त्याला तोंड द्यायलाही एकटीच. महिन्याच्या सभेत तिला आकडे विचारत. टार्गेटची पद्धत १९९६ साली अधिकृतपणे गेली, पण सभेची सवय तशी लवकर जात नाही.

नेमका याच एकटेपणाचा अनुभव आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला, एका डॉक्टर दांपत्याला आला आणि त्यांनी त्यावर जो उपाय शोधला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. डॉ. रजनीकांत आरोळे हे मूळ राहुरीचे. ते आणि डॉ. मेबल आरोळे, दोघेही वेल्लोरला शिकलेले आणि पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले. १९७० साली त्यांनी जामखेडच्या दुष्काळी भागात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सनाच गावांत राहायला पाठवून पाहिले. ते जमले नाही. मुलींना गावात परके वाटे आणि गावाला त्या परक्या वाटत. मग गावातल्याच बायकांना शिकवावे असे ठरले. आल्या त्या बहुतेक निरक्षर. कोणी दलित, कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली. ज्यांना गावात कोणी 'ये बस' म्हणत नव्हते, अशांपैकी कितीतरी.

त्यांना एकदाच महिनाभर शिकवून, प्रमाणपत्र देऊन आरोळ्यांनी परत पाठवले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, रात्री मुक्काम करत. जातपात बाजूला ठेवून एकत्र जेवत, एकत्र झोपत, गाणी म्हणत. आठवड्याभरात गावात काय झाले ते प्रत्येकीने सांगायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि विचारायचे. कोणाचे मूल जुलाबाने गेले, कोणाच्या सासूने नर्सला घरात येऊ दिले नाही, कोणाचे बाळंतपण अडले आणि मग काय केले. शिक्षण आणि मन मोकळे करणे या दोन वेगळ्या गोष्टी तिथे नव्हत्याच. एकीच्या गावात झालेले मरण दहाजणींचा धडा होई आणि त्या एकीच्या मनावरचे ओझे तेवढेच हलके होई. शाळेत आयुष्य घालवल्यामुळे मला यातली खोच चटकन कळते. ज्या वर्गात मूल आपले चुकलेले गणित फळ्यावर न घाबरता मांडू शकते, त्याच वर्गात गणित येते.

याचा परिणाम जगाने पाहिला. प्रकल्पाच्या गावांमध्ये १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदच्या दशकापर्यंत हा आकडा तिशीच्या खाली आला. पाणी, शेती, आहार यांचाही त्यात वाटा होता, सगळे श्रेय बैठकीला देता येणार नाही. पण काम करणाऱ्या बायका टिकल्या, वीस-वीस, तीस-तीस वर्षे टिकल्या, त्यामागे ती बैठक होती असे मला वाटते. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली मुक्ताबाई पोळ नावाच्या जामखेडच्या आरोग्य सेविका वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबराकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, की डॉक्टर म्हणजे हे झुंबर, सुंदर पण महाग आणि उंचावर टांगलेले. मी म्हणजे साधी पणती. पण एका पणतीवरून दुसरी पेटवता येते, झुंबराला ते जमत नाही. अशा अर्थाचे ते बोलणे होते.

असो. आता अलीकडच्या काळाकडे येते. २००५ साली जननी सुरक्षा योजना आणि 'आशा' आल्या. दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण महाराष्ट्रात २००५-०६ च्या पाहणीत सुमारे ६५ टक्के होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत जवळजवळ ९५ टक्के झाले. २०१८-२० या काळात राज्याचा मातामृत्यू दर लाख जन्मांमागे ३३ इतका खाली आला. भोर समितीचा आकडा याच मापाने २,००० होतो! ही साधीसुधी गोष्ट नाही आणि त्यात लेबर रूममधल्या नर्सचा वाटा फार मोठा आहे.

पण त्याच लेबर रूममधून बायका एक तक्रारही घेऊन येतात. नर्स ओरडतात, टाकून बोलतात, कधी हातही उगारतात. कळा देणाऱ्या बाईला जे ऐकवले जाते ते इथे लिहिण्यासारखे नाही, बायकांना ते माहीत आहे. ही गोष्ट आपल्याकडचीच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली बाळंतपणातल्या अपमानास्पद वागणुकीविरुद्ध निवेदन काढले. आपल्या केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ तिची एक सोबतीण ठेवायला परवानगी दिली आणि २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सन्मानाच्या वागणुकीचा समावेश केला. हे सगळे योग्यच आहे. ओरडण्याचे समर्थन होऊच शकत नाही.

तरी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने सांगितलेली गोष्ट इथे सांगते. ती आता निवृत्त व्हायला आली आहे, नोकरी सगळी तालुक्याबाहेर झाली. फार वर्षांपूर्वी तिच्या ड्यूटीत एक बाई बाळंत झाल्यावर रक्तस्राव थांबेना म्हणून तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाले. ही बरोबर होती, पोट दाबून धरून बसलेली. बाई वाटेतच गेली. परत आल्यावर हिने साडी बदलली आणि तासाभरात दुसरे बाळंतपण केले. "बाई, त्यानंतर मी पेशंटवर ओरडायला लागले," ती म्हणाली. "जरा कोणी जोर द्यायला कंटाळली की माझ्या डोळ्यांपुढे ती गाडी यायची. घाबरायचे मी, आणि तोंडातून राग निघायचा. चौकशीला कागद आले, सगळे विचारले. किती वाजता आली, किती वाजता काय दिले. मी जेवले का, झोपले का, हे फक्त माझ्या आईने विचारले."

मी तिला विचारले, हे तू इतर सिस्टरांना कधी सांगितलेस का? ती म्हणाली, "सांगायचे काय? प्रत्येकीजवळ एक गाडी आहे."

मला वाटते, या दोन वाक्यांत दोन्ही प्रश्नांचे मूळ आहे. जिचे कोणी ऐकले नाही तिला दुसरीचे ऐकणे जड जाते. बाळंतिणीशी गोड बोला, असा फलक भिंतीवर लावून हे सुटणार नाही. बाळंतिणीच्या बाजूने बोलायचे तर नर्सच्याही बाजूला थोडे बसावे लागेल.

सरकारने २०१० पासून प्रत्येक मातामृत्यूची चिकित्सा करण्याची पद्धत घातली. घरून निघायला उशीर झाला, पोचायला झाला की पोचल्यावर उपचाराला झाला, हे तीन उशीर तपासायचे आणि कोणाचे नाव घेऊन दोष द्यायचा नाही, हे त्यामागचे तत्त्व. तत्त्व चांगले आहे. पण कागदाबाहेर भीती आहेच. २०२२ साली राजस्थानात लालसोट येथे डॉ. अर्चना शर्मा यांच्या दवाखान्यात एक बाई बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने गेली, जमावाने गोंधळ घातला, डॉक्टरवर खुनाचा गुन्हा नोंदला गेला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आत्महत्या केली. कीलच्या मिखाएलिस यांना जाऊन तेव्हा पावणेदोनशे वर्षे होत आली होती.

अमेरिकेत बॉस्टनमध्ये केनेथ श्वार्ट्झ नावाचे वकील १९९५ साली कर्करोगाने गेले. आजारपणात ज्यांनी मायेने वागवले त्यांची आठवण ठेवून त्यांनी एक संस्था काढली. तिच्या पुढाकाराने पुढे कितीतरी रुग्णालयांत अशा बैठका सुरू झाल्या, की ज्यांत डॉक्टर, नर्स, आया एकत्र बसून उपचारांबद्दल बोलत नाहीत, त्या कामाने आपल्या मनाचे काय झाले एवढेच बोलतात. ते वाचताना मला जामखेड आठवले. निरक्षर बायकांची बैठक आपल्या जिल्ह्यात त्याआधी वीसेक वर्षे भरत होती. शिवाय १९९५ पासूनच्या नवसंजीवनी योजनेत आदिवासी भागासाठी दाई बैठकीची तरतूद आहे. म्हणजे 'बैठक' हा शब्द सरकारी कागदांनाही नवा नाही. महिन्याच्या सभेत शेवटचा अर्धा तास रजिस्टरे मिटवून ठेवली आणि एखाद्या वडीलधाऱ्या सिस्टरने 'या महिन्यात कोणाला जड गेले?' एवढे विचारले, तर त्याला वेगळा निधी लागत नाही. मात्र त्या अर्ध्या तासात बोललेले पुढे कोणाविरुद्ध वापरले जाणार नाही, हा शब्द वरिष्ठांनी द्यायला हवा आणि पाळायलाही हवा. नाहीतर तीही एक हजेरीच होईल.

वाचकांपैकी अनेकांच्या घरात, नात्यात कोणीतरी सिस्टर, एएनएम किंवा आशा असेल. भाची असेल, सून असेल. ती रात्रपाळी करून आली की आपण विचारतो, किती डिलिव्हऱ्या झाल्या? मुलगा की मुलगी? त्याऐवजी रात्र कशी गेली ते विचारून बघा. ती 'ठीक' म्हणेल. चहा तिच्या हातात द्या आणि लगेच उठून जाऊ नका.